सोमवारची पोटदुखी

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गाचा गेल्या दोन महिन्यांचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणून पाहा. एखाद्या नावापुढे दर सोमवारी, किंवा ज्या दिवशी प्रकट वाचन असते नेमक्या त्याच दिवशी, गैरहजेरीची खूण दिसते का? दिसत असेल, तर त्या मुलाच्या घरी बहुधा काय घडते ते सांगतो. सकाळी उठल्याबरोबर त्याच्या पोटात कळ येते, मळमळते, हातपाय गार पडतात. आई ओवा चावायला देते. वडील नुकतेच रातपाळी संपवून आलेले असतात. ते म्हणतात, "नाटकं आहेत सगळी!" शाळा भरून तास-दोन तास होतात आणि पोट दुखायचे थांबते. संध्याकाळी तोच मुलगा गल्लीत क्रिकेट खेळताना दिसतो. डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफीही झाली. दोष काहीच सापडला नाही. मग सर्वांची खात्री पटते की, पोटदुखी खोटी होती.

या लेखात मला सांगावयाचे आहे ते हे की, अशी पोटदुखी बहुधा खोटी नसते. आणि तिच्यावर आपण घरोघर जे दोन उपाय करतो, म्हणजे एक तर रागावून मुलाला ओढत शाळेत नेणे, नाही तर दया येऊन त्याला घरी ठेवून घेणे, ते दोन्ही चुकीचे आहेत. तिसरा मार्ग आहे. तो प्रयोगाच्या कसोटीला उतरलेला आहे. पण भिवंडीसारख्या गावात तो फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

पोट का दुखते?

मी पदार्थविज्ञान शिकवतो. म्हणून सुरुवात क्ष-किरणांपासून करतो. १८९५ साली राँटगेनने हे किरण शोधून काढले. त्यानंतर एक-दोन वर्षांतच अमेरिकेत हार्वर्ड येथे वैद्यकाचा एक विद्यार्थी, वॉल्टर कॅनन, या किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहू लागला. अन्न घुसळणारे जठर त्याला स्पष्ट दिसे. पण मांजर बिथरले की ती हालचाल एकदम थांबे. ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. पुढे १९१५ साली कॅननने या विषयावर ग्रंथ लिहिला. संकट समोर दिसताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी कशी करते, हे त्याने त्यात दाखवून दिले.

ही तयारी अशी असते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रिनलिन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय जोराने धडधडू लागते, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. पचन त्या वेळी बाजूला ठेवले जाते. म्हणून पोटात गोळा येतो, मळमळते. श्वास फार जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. यांपैकी एकही गोष्ट मुलगा ठरवून करीत नाही.

तुम्ही म्हणाल, "मग शाळेची वेळ टळताच पोट कसे थांबते?" याचे उत्तर तुमच्याच प्रयोगशाळेत आहे. बटण बंद केल्यावर दिवा विझला, तर दिवा खोटा होता असे आपण म्हणत नाही. दिवा त्या बटणामुळे लागला होता, असे म्हणतो. शाळा टळल्यावर दुखणे थांबले, याचा अर्थ दुखण्याचे कारण सापडले. ते कारण पोटात नाही, भीतीत आहे, एवढेच.

मागाचा काटा

भीती ही वाईट वस्तू आहे, असे मात्र समजू नका. आपल्या गावात कोणत्याही गल्लीतून गेले तरी यंत्रमागांची खडखड ऐकू येते. धोट्याच्या जुन्या मागावर एका बाजूला एक लहानसा काटा असतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, जागेवर असला की तो या काट्याला ढकलतो आणि माग चालू राहतो. बाणा तुटला की काटा ढकलला जात नाही, आणि माग आपोआप थांबतो. हा काटा नसेल तर धागा नसताना माग चालतच राहील आणि कापड वाया जाईल. भीती हा आपल्या शरीराचा असाच एक काटा आहे.

पण कधी कधी काट्याची बसवणूक बिघडते. धागा शाबूत असतानाही माग पुन्हा पुन्हा थांबतो. अशा वेळी जॉबर मागाला शिव्या देत बसत नाही, माग भंगारातही काढत नाही, आणि काटाही उपटून टाकीत नाही. तो काट्याची बसवणूक सुधारतो. मुलांमधील चिंताविकार म्हणजे काट्याची बिघडलेली बसवणूक, आणि उपचार म्हणजे ती सुधारणे.

हा दृष्टांत आणखी एक गोष्ट शिकवतो. माग थांबला की आधी धागा खरोखरच तुटला आहे का, ते पाहावे लागते. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीत पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि झोपेतली माणसे गाडली गेली. भेगा पडलेल्या घरात राहणाऱ्या एखाद्या मुलीला पावसाळी रात्री झोप येत नसेल, तर तिच्या मनाला नव्हे, त्या इमारतीला दुरुस्ती हवी. शाळेत कोणी मारत असेल, चिडवत असेल, तर आधी ते थांबले पाहिजे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही मनाई केली आहे. त्याचप्रमाणे घरी तेलुगू किंवा उर्दू बोलणारे मूल मराठी वर्गात गप्प राहिले, तर ते भित्रे आहे असे लगेच ठरवू नये. कदाचित त्याला फक्त शब्द सापडत नसतील. आणि धडधड, अशक्तपणा, वजन घटणे यांची मुळे रक्तक्षयात किंवा थायरॉइड ग्रंथीतही असू शकतात. म्हणून पहिली तपासणी नेहमीच्या डॉक्टरांकडूनच व्हावी.

साधी भीती आणि विकार

परीक्षेची काळजी कोणाला नसते? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांमुळे चिंता वाटते, असे त्यांतील ८१ टक्के मुलांनी सांगितले. याउलट, बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि त्यांत चिंताविकारांचा वाटा मोठा होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. काळजी ही जवळजवळ सर्वांना असते. विकार थोड्यांना असतो. पण हे थोडे म्हणजे किती? साठ मुलांच्या वर्गात ७.३ टक्के म्हणजे सुमारे चार मुले. तुमच्या वर्गात ती कोणती, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी आहे का? दुसरा, ती किती काळ टिकली आहे? आईवडिलांपासून दूर राहण्याची पराकाष्ठेची भीती चार आठवडे, किंवा चारचौघांत बोलण्याची तीव्र भीती सहा महिने टिकली, तर तज्ज्ञ तिच्याकडे विकार म्हणून पाहतात. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: त्या भीतीमुळे काय बुडते आहे? शाळा, झोप, जेवण, मित्र, सहल, यांपैकी काही नियमाने बुडू लागले, तर थांबू नये.

चिंताविकाराची रूपे अनेक आहेत. कोणाला आई नजरेआड झालेली सहन होत नाही. कोणाला अंधार, कुत्रा, लिफ्ट किंवा सुई यांचा भयगंड असतो. कोणी घरी पोपटासारखे बोलते आणि शाळेत वर्षभर एक अक्षरही उच्चारत नाही. कोणाला विशेष कारण नसताना प्रत्येक गोष्टीची काळजी लागून राहते. उत्तरपत्रिका दहा वेळा खोडून लिहिली जाते. शिक्षकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. वर्गात दंगा करणारा मुलगा आपल्या लगेच लक्षात येतो. चिंतेने ग्रासलेले मूल मात्र दंगा करीत नाही. ते शेवटच्या बाकावर गप्प बसते, आणि आपण त्याला 'शांत, गुणी' म्हणून शाबासकी देतो.

कर्ण्याची किंकाळी

आता मुद्द्याची गोष्ट. भीती वाढते कशी? प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकातून अचानक निघणारी किंकाळी तुम्ही ऐकली असेल. कर्ण्यातून आलेला आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरतो, वर्धकाने तो मोठा केला जातो, कर्ण्यातून बाहेर पडतो आणि पुन्हा आत शिरतो. हे चक्र फिरत राहिले की बारीक कुजबुजीचीही किंकाळी होते.

भीतीचेही तसेच आहे. मुलाला शाळेची धास्ती वाटते. आई म्हणते, "असू दे, आज राहा घरी." त्याच क्षणी पोट मोकळे होते, किती बरे वाटते! पण मेंदू त्यातून चुकीचा धडा शिकतो: 'शाळेत संकट होते, पळालो म्हणून वाचलो.' शाळेत गेलो असतो तरीही काही बिघडले नसते, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. दुसऱ्या दिवशी भीती वाढलेली असते. शिवाय अभ्यास मागे पडल्याची नवी भीती तिच्यात मिसळते. पळणे, सुटका, आणखी मोठी भीती, आणखी लांब पळणे, असे चक्र सुरू होते. रागावल्यानेही ते तुटत नाही. उलट जुन्या भीतीत माराची आणि अपमानाची भर पडते.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. अकरावीच्या वर्गात एक विद्यार्थी होता. लेखी उत्तरे अतिशय चोख. पण प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत त्याचे ओठ थरथरत आणि शब्द फुटत नसे. मला त्याची दया आली. मी म्हणालो, "तू उत्तरे लिहून दे, बोलू नकोस." तो सुटला आणि मलाही आपण काही भले केले असे वाटले. हळूहळू तो प्रात्यक्षिकाच्या दिवशी येईनासा झाला आणि बारावीच्या आत त्याने विज्ञान शाखाच सोडली. मी त्याला रागावलो नाही, हे बरोबर केले. पण दार कायमचे बंद करून दिले, हे चुकले. पहिल्या दिवशी लेखी उत्तर चालले असते. मात्र दुसऱ्या आठवड्यात एक वाक्य माझ्यासमोर बोलायला लावायला हवे होते, तिसऱ्या आठवड्यात तीन. हे मला फार उशिरा कळले.

ससा आणि शिडी

ते कोणाला तरी फार पूर्वी कळले होते. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. पीटर सशाला पाहून रडे. तिने ससा एकदम त्याच्या मांडीवर ठेवला नाही, आणि ससा कायमचा दूरही नेला नाही. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवला. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. सशाला न भिणारी मुलेही तिने मधूनमधून त्याच्या सोबतीला आणली. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

आजची उपचारपद्धती याच पायावर उभी आहे. तिला संज्ञानात्मक वर्तन उपचार असे भारदस्त नाव आहे. पण तिचा गाभा म्हणजे एक शिडी. वर्गात वाचताना गळा दाटून येणाऱ्या मुलीची शिडी अशी असू शकेल: घरी धाकट्या भावाला धडा वाचून दाखवणे, मोबाइलवर आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणे, मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीला वाचून दाखवणे, रिकाम्या वर्गात बाईंसमोर वाचणे, वर्ग भरलेला असताना जागेवरून एकच वाक्य, मग परिच्छेद, शेवटी फळ्यापाशी उभे राहून पूर्ण पान. प्रत्येक पायरीवर भीतीला शून्य ते दहा असे गुण द्यावयाचे आणि वहीत लिहावयाचे. ती पायरी पुरेशी सोपी वाटेपर्यंत तीच पुन्हा करावयाची. 'सगळे हसतील' असे आधी वाटले होते. खरोखर किती हसले, तेही लिहावयाचे. भाकीत आणि निरीक्षण शेजारी लिहिणे, हाच तर विज्ञानाचा मार्ग! भीती शून्यावर आली नाही तरी चालेल. भीती असतानाही काम होते, हे कळले की चक्र तुटले.

ही पद्धत कितपत लागू पडते? अमेरिकेत ७ ते १७ वर्षे वयाच्या ४८८ मुलांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. मुलांचे चार गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने पाडले होते. बारा आठवड्यांनंतर, केवळ औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के मुले बरीच सुधारली. सर्ट्रालिन हे औषध घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के, वर सांगितलेला उपचार घेणाऱ्यांपैकी ६० टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के मुलांत चांगली सुधारणा दिसली. नुसत्या काळाने आणि आशेने होणारी सुधारणा २४. उपचाराने होणारी त्याच्या दुपटीहून अधिक. हा फरक कोणत्याही प्रयोगवहीत ठळक दिसावा असा आहे.

मात्र अतिशयोक्ती नको. सुमारे सहा वर्षांनी यांतील ज्या मुलांना पुन्हा तपासता आले, त्यांच्यापैकी निम्म्याहून थोडी कमी मुले चिंताविकारापासून मुक्त होती. इतरांना त्रास राहिला होता किंवा तो परतला होता. म्हणजे उपचार ही एकदा टोचून विसरण्याची लस नव्हे. शिडी अधूनमधून पुन्हा चढावी लागते. आणि औषध घ्यावयाचे ते मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. शेजाऱ्याने सुचविलेली झोपेची गोळी मुलाला कधीही देऊ नये.

'ठाण्याला पाठवा'

आपल्याकडे खरा अडथळा औषधाचा नाही, लाजेचा आहे. कोणी थोडे वेगळे वागले की आपण हसून म्हणतो, "याला ठाण्याला पाठवा." ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले; तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या हा विनोद चालू आहे. विनोद करणाऱ्याला तो क्षणात विसरतो. पण ज्या मुलाची रात्री झोप उडालेली असते, ते तो ऐकते आणि ठरवते की, आपण कोणालाही काही सांगावयाचे नाही. माझे स्पष्ट मत असे की, हा विनोद आपण बंद केला पाहिजे. दात दुखला तर ठाण्याला जाण्यात कमीपणा नसेल, तर मन दुखले म्हणून जाण्यातही नाही. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. भिवंडीहून ती दूर नाही. प्रवास किंवा खर्च जमत नसेल, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतून बोलता येते.

"आमच्या वेळी असले काही नव्हते," असे वडील मंडळी म्हणतात. होते. फक्त त्या मुलांची नावे पटावरून निघून जात, आणि ती मागावर किंवा चुलीपाशी बसली की कोणी त्यांची चौकशी करीत नसे.

तुम्ही काय कराल?

विद्यार्थिमित्रांनो, तुमचे काम सोपे आहे. अडखळणाऱ्याला हसू नका. न येणाऱ्या मित्राच्या घरी जा, वही द्या आणि म्हणा, "उद्या आपण बरोबर जाऊ; पहिला तास संपेपर्यंत बस, मग पाहू." पीटरच्या सोबतीची मुले याहून अधिक काही करीत नव्हती. त्रास तुम्हांलाच होत असेल, तर घरातील किंवा शाळेतील एका विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि एखादा मित्र जगणे नको झाल्याचे बोलला, तर ते गुपित ठेवू नका; त्याच दिवशी मोठ्यांना सांगा.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या टेबलावर एक उपकरण रोज असते. त्याचे नाव हजेरीपट. आपण त्यातून फक्त टक्केवारी काढतो. महिन्यातून एकदा तो आडवा न वाचता उभा वाचा: कोणत्या वारी, कोणत्या तासाला, कोणत्या परीक्षेआधी कोण गैरहजर होते? एकाच नावाच्या खुणा एकाच वारी पडत असतील, तर पालकांना बोलावून 'नोटीस' देऊ नका. मुलाजवळ बसून विचारा. मग ओढूही नका आणि सोडूही नका. त्याच्याबरोबर शिडी आखा आणि पहिली पायरी इतकी लहान ठेवा की, ती येत्या सोमवारीच चढता येईल.